रवा उलटला तो दिवस

विनोद समजावून सांगू नये, तो मरतो, असे म्हणतात. आमच्या हेडकॅशियरनी सांगितलेला विनोद समजावून सांगण्याआधीच गतप्राण झालेला असतो, पण तो विषय वेगळा. मुद्दा असा की, इंग्रजी वर्तमानपत्रांत जे एक तिरपागडे शब्दकोडे येते त्याचा प्रकार बरोबर उलटा आहे. तिथे नुसते उत्तर सापडून भागत नाही. ते उत्तर कसे आले हे समजावून सांगता आले, तरच ते उत्तर. नाहीतर तो अंदाज. आणि अंदाजावर फक्त अर्थसंकल्प चालतो, शब्दकोडे चालत नाही.

या कोड्याला इंग्रजीत 'क्रिप्टिक क्रॉसवर्ड' म्हणतात. मी मराठीत 'कूट कोडे' म्हणतो. आमची ही 'तुमचं ते' म्हणते. "तुमचं ते झालं असेल तर गॅस सिलिंडरला फोन करा," अशा वाक्यात ते येते.

आपल्या मराठी पेपरातले कोडे स्वभावाने सज्जन असते. 'एक फळ' असे म्हणते आणि तीन घरे देते. आपण 'फणस' लिहितो. मग उभा शब्द अडतो, म्हणून 'पपई' करतो. दुसरा उभा शब्द अडला की 'डाळिंब' निघते. एवढ्यात चहा येतो. यात कुणी कुणाला फसवत नाही. कूट कोड्यात मात्र प्रत्येक ओळ तुम्हाला फसवायला बसलेली असते, आणि तेही तोंडावर गोड हसून. एक फार प्रसिद्ध क्लू आहे. त्यात फक्त अक्षरे आहेत: एच, आय, जे, के, एल, एम, एन, ओ. बस्स. उत्तर पाच अक्षरांचे. माणूस ती अक्षरे मागून पुढून वाचतो, त्यांत शब्द शोधतो, चष्मा पुसतो. उत्तर आहे 'वॉटर', म्हणजे पाणी. कारण एचपासून ओपर्यंतची अक्षरे, म्हणजे 'एच टु ओ'. पाण्याचे रासायनिक सूत्र! दहावीला सायन्समध्ये मला बेताचेच मार्क होते, तरी हे कळले तेव्हा मी बँकेच्या डबा खाण्याच्या खोलीत एकटाच मोठ्याने हसलो. शिपाई पाणी घेऊन आला. योगायोग म्हणतात तो हाच.

ही बातमी घरी सांगणे प्राप्त होते. तिथून खरा प्रश्न सुरू झाला.

"हे बघ," मी हिला म्हटले, "या कोड्यात शब्दाचा अर्थ नेहमीचा धरायचा नसतो. समजा 'फ्लॉवर' असा शब्द आला. तर ते फूल असेलच असं नाही. जे वाहतं, म्हणजे 'फ्लो' करतं, ते फ्लॉवर. म्हणजे नदी."

ही शांतपणे म्हणाली, "मग काल रात्री तुम्ही नदीची भाजी खाल्लीत."

मी धीर सोडला नाही. 'नंबर' घेतला. नंबर म्हणजे क्रमांक नव्हे. 'नम्ब' करणारे, म्हणजे बधिर करणारे, ते नंबर. दाढ काढण्यापूर्वी डॉक्टर टोचतात ते औषध. यावर ती म्हणाली, "यात कूट काय आहे? तुमच्या बँकेत नंबर लावून बसलेला माणूस तासाभरात बधिर होतोच." हे स्पष्टीकरण मूळ कोडेवाल्याला सुचले नसेल. सुचते तर त्याने नक्की वापरले असते.

हा सगळा उद्योग सुरू केला तो आर्थर विन नावाच्या गृहस्थाने. जन्म लिव्हरपूलचा, नोकरी अमेरिकेत. २१ डिसेंबर १९१३ रोजी 'न्यूयॉर्क वर्ल्ड' या पत्राच्या रविवारच्या अंकात त्याने पहिले कोडे छापले. आकार शंकरपाळ्यासारखा, आणि नाव 'वर्ड-क्रॉस'. पुढे काही आठवड्यांतच छापण्याच्या गडबडीत शब्द उलटसुलट झाले आणि 'क्रॉस-वर्ड' हेच नाव चिकटले. (हे वाक्य लक्षात ठेवा. पुढे एक मुद्रितशोधक येणार आहेत.) त्या कोड्यात वाकडे काही नव्हते. एक फळ, एक पक्षी, असाच मामला. पण ते समुद्र ओलांडून इंग्लंडात गेले आणि तिथल्या हवेने बिघडले. इंग्रज माणूस सरळ बोलत नाही हा अनुभव आपण दीडशे वर्षे घेतलेला आहे. त्याने कोडे तरी सरळ का ठेवावे? १९२६ पासून लंडनच्या 'ऑब्झर्व्हर'मध्ये एडवर्ड पॉविस मॅथर्स हे कोडी रचू लागले. टोपणनाव घेतले 'टॉर्केमाडा'. हा स्पेनमध्ये पाखंड्यांचा छळ करणारा मुख्य धर्मन्यायाधीश. त्यांच्यानंतर १९३९ साली आलेल्या मॅकनट यांनी 'झिमेनीझ' हे नाव घेतले. तोही तसलाच धर्मन्यायाधीश. १९७२ मध्ये तिसरे आले, 'अ‍ॅझेड'. हे नाव उलटे वाचले की आणखी एका धर्मन्यायाधीशाचे नाव निघते. नावांतच एवढा प्रामाणिकपणा दुसऱ्या कुठल्या धंद्यात आढळत नाही. आमच्याकडे कर्जाच्या योजनेला 'स्वप्नपूर्ती' म्हणतात.

या लोकांत मला सर्वांत कणव येते ती लेनर्ड डॉ यांची. हे हेडमास्तर. 'डेली टेलिग्राफ'साठी कोडी रचत. १९४४ च्या मे महिन्यात त्यांच्या कोड्यांच्या उत्तरांत 'युटा' आला, मग 'ओमाहा', मग 'ओव्हरलॉर्ड', 'मलबेरी' आणि १ जूनला 'नेपच्यून'. हे सगळे नॉर्मंडीवरच्या चढाईतले गुप्त सांकेतिक शब्द होते, आणि चढाई ठरली होती जूनच्या पहिल्या आठवड्यात! एमआय-५ ची माणसे मास्तरांच्या दारात. आता विचार करा. आपण बायकोला एक क्लू समजावून सांगताना घामाघूम होतो. या माणसाला अख्खे कोडे गुप्तहेर खात्याला समजावून सांगायचे होते, आणि समोरून 'हो का? मग पुढे?' असे कुणी म्हणत नव्हते. शेवटी ते सुटले. पुढे १९८४ साली त्यांच्या एका जुन्या विद्यार्थ्याने खुलासा केला की, मास्तर रिकाम्या चौकटीत शब्द भरायचे काम मुलांनाच देत, आणि मुलांनी हे शब्द जवळच्या छावणीतल्या सैनिकांच्या तोंडून ऐकलेले होते.

त्याच पत्राने जानेवारी १९४२ मध्ये बारा मिनिटांत कोडे सोडवण्याची स्पर्धा घेतली होती. तिच्यात भाग घेतलेल्या काही जणांना नंतर सरकारी पत्र आले आणि जर्मनांचे गुप्त संदेश फोडायच्या कामावर, ब्लेचली पार्कला, त्यांची नेमणूक झाली. हे मी घरी सांगितले. "तुम्हाला हेड ऑफिसचं पत्र आलं होतं ना मागे?" ही म्हणाली. आले होते. ते मार्चअखेरीस रविवारीही कामावर यावे, असे होते.

आता मी बी.कॉम. माणूस या गोटात शिरलोच कसा? आमच्या खात्यात साहित्याची गोडी म्हणजे कॅलेंडरवरचे सुविचार. पण मला या कोड्यात जी गोडी लागली ती साहित्याची नव्हेच, हिशेबाची आहे. बी.कॉम.च्या पहिल्याच वर्षी आम्हाला लुका पाचोली शिकवतात. हा इटलीतला ख्रिस्ती साधू. त्याने १४९४ साली व्हेनिसमध्ये द्विनोंदी जमाखर्चाची पद्धत पुस्तकात छापली. तत्त्व एवढेच, की प्रत्येक व्यवहार दोन ठिकाणी लिहायचा. एकदा नावे, एकदा जमा. दोन्ही बाजूंची बेरीज जुळली तर तेरीज बरोबर, तुम्ही घरी जायला मोकळे. नाही जुळली तर पैशाचा फरक असला तरी रात्रीचे नऊ वाजेपर्यंत शोधत बसा.

कूट क्लू म्हणजे हेच आहे, दुसरे काही नाही. प्रत्येक क्लूमध्ये दोन बाजू असतात. एका टोकाला उत्तराचा साधा, कोशातला अर्थ. तो नेहमी सुरुवातीला तरी असतो, नाहीतर शेवटी. मधोमध कधी नाही. उरलेल्या शब्दांत तेच उत्तर अक्षर अक्षर जोडून पुन्हा एकदा सांगितलेले असते. एक बाजू नावे, एक बाजू जमा. दोन्हींचा ताळा एकाच शब्दावर बसला पाहिजे, आणि क्लूमधला एकही शब्द उगाच शिल्लक राहता कामा नये. वरवर वाचले तर ते वाक्य भलतेच काही सांगते. त्यावर विश्वास ठेवायचा नाही. पण त्यातल्या प्रत्येक अक्षराचा हिशेब रचणाऱ्याला द्यावाच लागतो. फसवायचे, पण पावती देऊन फसवायचे. बँकेत बावीस वर्षे काढल्यावर या नियमाने माझ्या डोळ्यांत पाणी येते. आमच्याकडच्या छापील अर्जावर वरचे वाक्य अगदी सरळ असते. खाली फुली मारून मुंगीच्या अक्षरात लिहिलेले असते: अटी लागू.

आपल्याकडेही इंग्रजीत कोडी रचणारे मोठमोठे लोक झाले. १९५८ साली नौदलाचे पहिले भारतीय प्रमुख झालेले राम दास कटारी यांनी निवृत्तीनंतर 'द हिंदू'साठी कोडी रचली. आरमार सांभाळलेल्या माणसाला उभे-आडवे करायला काय हरकत? माझी हरकत एवढीच की, हे सगळे इंग्रजीत. वाकडे बोलणे ही काय इंग्रजांची मक्तेदारी आहे? सदाशिव पेठेत कधी पत्ता विचारून बघा.

आणि परंपरा म्हणाल तर ती आपली त्यांच्याहून जुनी. महाभारत सांगताना गणपतीची लेखणी अडावी म्हणून व्यासांनी मधूनमधून कूट श्लोक घातले, अशी कथा आहे. आणि अशा श्लोकांची संख्या ८,८०० असल्याचे आदिपर्वातच म्हटलेले आहे. म्हणजे रोज एक म्हटले तरी चोवीस वर्षांचा साठा! संस्कृतच्या तासाला आमच्या मास्तरांनी एक सुभाषित सांगितले होते, ते मला व्याकरणातले सर्व काही विसरूनही आठवते. त्यात केशव पडला म्हणून द्रोणाला आनंद होतो आणि कौरव रडत बसतात. वाचणारा म्हणतो, हे उलटे कसे? फोड अशी: 'के' म्हणजे पाण्यात, 'शव' म्हणजे प्रेत. द्रोण म्हणजे डोमकावळा. कौरव म्हणजे कोल्हे. प्रेत पाण्यात पडले. कावळ्याला मेजवानी, कोल्ह्यांना उपास. आता यात आणि टॉर्केमाडात काय फरक आहे? फक्त चौकट आखायची राहिली.

म्हणून एका रविवारी मी चौकट आखली.

पहिल्या तासातच मराठीने आपले गुण दाखवले. इंग्रजीत एका घरात एक अक्षर. आपल्याकडे अक्षर आपले सगळे कुटुंब घेऊन येते. काना, मात्रा, वेलांटी, रफार, सगळे त्याच घरात. त्यामुळे इंग्रजीत 'इंडिपेन्डन्स' लिहायला बारा घरे लागतात, आपले 'स्वातंत्र्य' तीन घरांत मावते. मी डोंबिवलीला राहतो. तीन जागांत एवढे सगळे मावण्याचे महत्त्व मला कुणी सांगायला नको. पण अक्षरांची उलथापालथ करायची म्हटली की पंचाईत. इंग्रजीत कुठलेही अक्षर उचलून कुठेही ठेवा. आपल्याकडे वेलांटी एकटी फिरायला जात नाही.

दुसरी अडचण उच्चाराची. इंग्रजीत लिहितात एक आणि वाचतात भलतेच, त्यामुळे 'ऐकायला असे, लिहायला तसे' या जातीचे क्लू त्यांना फुकटात मिळतात. आपण बोलतो तसे लिहितो. ती खाणच बंद. नाही म्हणायला ऱ्हस्व-दीर्घाची एक फट आहे. 'ऐकला तर दिवस, पाहिला तर गरीब', दोन अक्षरे. उत्तर 'दीन'. पहिली वेलांटीचा दिन म्हणजे दिवस; आपण बोलताना दोन्ही सारखेच म्हणतो. शुद्धलेखनाचे नियम पाठ न होणाऱ्या पिढ्यान् पिढ्यांना ही फट ठाऊक होती. तिचा काही उपयोग असतो, हे कुणी सांगितले नव्हते.

पण एकदा हात बसल्यावर मराठी अशी खुलली म्हणता! मी संध्याकाळपर्यंत कागद भरला आणि स्वयंपाकघराच्या दारात उभा राहिलो.

"ऐक. 'रवा उलटला तो दिवस.' दोन अक्षरं."

"कुठला रवा?" ही गर्रकन वळली. "कधी उलटला? तरी मी म्हणत होते डबा हलका कसा लागला."

"अगं, उलटला नाही. क्लू आहे. रवा हा शब्द उलटा. र-वा, वा-र. वार. वार म्हणजे दिवस. दोन्ही बाजू जुळल्या."

"आणि रवा?"

"रवा डब्यात आहे."

तिने तरी डबा उघडून पाहिला. मी याला कोड्याचे यश मानतो. वरच्या वाक्यावर विश्वास बसणे हीच तर रचणाऱ्याची कमाई.

"दुसरा ऐक. 'काका जळगावात दडवून ठेवतात डोळ्यांत घालायचे.' तीन अक्षरं."

ती क्षणभर थांबली. तिचे एक काका खरोखरच जळगावला असतात, आणि त्यांच्याविषयी माहेरी काही जुने बोलणे आहे. "हे कुणी सांगितलं तुम्हाला?" ती आवाज खाली आणून म्हणाली. मी घाईघाईने कागदावर 'काका जळगाव' लिहिले आणि मधली तीन अक्षरे अधोरेखित केली: का, ज, ळ. काजळ. ती बराच वेळ त्या अक्षरांकडे बघत होती. मग म्हणाली, "अय्या, 'जळगावात' म्हणजे 'जळगाव'च्या आत!" लग्नाला अठरा वर्षे झाली, पण माझ्या बोलण्यावर असा 'अय्या' मला त्यापूर्वी एकदाच मिळाला होता, तोही लाइट गेल्यामुळे.

त्यानंतर आमच्या घरात थोडे अवघड झाले. मुलगी इंग्रजी माध्यमातली, तिला साठ म्हणजे सिक्स्टी असे भाषांतर करून सांगावे लागते. ती आता 'दमत-धडपडत केलेले साहाय्य' याचे उत्तर मोबाइल बाजूला ठेवून शोधू लागली. (द-म-त ही अक्षरे धडपडली की 'मदत'.) उत्तर मिळाल्यावर तिने विचारले, "बाबा, साहाय्य म्हणजे मदत का?" म्हणजे तिने ताळा उलट्या बाजूने काढला होता. आधी जमा, मग नावे. काही बिघडत नाही. बेरीज जुळली ना?

बँकेत मात्र मी हा प्रकार नेणार नव्हतो. तो नेला आजोबांनी.

हे आजोबा दर महिन्याच्या तीन तारखेला शाखेत येतात. एका छापखान्यात मुद्रितशोधक होते. पेन्शन नावापुरती, घर चालते ते ठेवींच्या व्याजावर. पासबुक भरायच्या यंत्रासमोर रांग असली की बाकावर बसून मराठी पेपरातले कोडे सोडवतात, आणि सोडवता सोडवता कोड्याच्या खालच्या बातमीतल्या छपाईच्या चुका लाल पेनने दुरुस्त करतात. सवय. क्रॉसवर्डचे नाव छापताना उलटसुलट झाले ही हकीकत मी त्यांना सांगितली तेव्हा त्यांनी दुखवट्याच्या सुरात विचारले, "प्रूफ कुणी पाहिलं होतं?"

त्यांना मी एकदा काउंटरवरून सहज एक क्लू दिला. 'बारमध्ये जा, मंडई भेटेल', तीन अक्षरे. आजोबा माळकरी. ते बारमध्ये जाण्याच्या कल्पनेनेच जरा मागे सरकले. पण पैसे मोजून होईपर्यंत त्यांनी काचेवर टकटक केली. "बाजार! बा आणि र, मध्ये जा." मग खिशातून लाल पेन काढत म्हणाले, "अहो, हे तर आमचंच काम. आम्हाला पहिल्या दिवशीच शिकवलं होतं, वाक्य वाचायचं नाही. वाक्य वाचलं की माणूस अर्थाच्या मागे जातो आणि चूक निसटते. अक्षर वाचायचं." नियमांचे सगळे पुस्तक मी त्यांना सांगणार होतो, ते तिथेच मिटले. तेव्हापासून दर तीन तारखेला एक क्लू मी देतो, एक ते आणतात. "'छान!' म्हणत सैन्य आले, तुफान झाले" हा त्यांचा. वा आणि दळ. वादळ.

आता जरा वेगळे सांगतो. गेल्या पावसाळ्यात आमच्या शाखेत एक बाई आल्या. निवृत्त शिक्षिका. त्यांच्या फोनवर संदेश आला होता की, तुमचे खाते बंद होणार, खालच्या दुव्यावर बोट ठेवा. त्यांनी ठेवले. मग फोन आला, त्यावर आलेला आकडा विचारला, त्यांनी सांगितला. बासष्ट हजार रुपये गेले. मी १९३० या सायबर तक्रारीच्या क्रमांकावर फोन लावून दिला, अर्ज लिहून दिला. त्या माझ्यासमोर बसून एकच वाक्य पुन्हा पुन्हा म्हणत होत्या, "अहो, पण त्यात बँकेचं नाव होतं." त्या दिवशी मी डबा खाल्ला, कोडे उघडले नाही.

त्यानंतरच्या महिन्यात तीन तारीख नसताना, सकाळी दहाला शटर वर जाते न जाते तोच आजोबा हजर. बरोबर आजी. आजींचा चेहरा रात्रभर न झोपलेला. आजोबांच्या हातात फोन आणि एक कागद.

"क्लू आलाय," आजोबा म्हणाले.

फोनवर लिहिले होते: 'प्रिय ग्राहक, केवायसी अद्यावत नसल्याने आपले खाते आज रात्री बंद होत आहे. त्वरित खालील लिंक दाबा.' आजी म्हणाल्या, "मी यांना रात्रीच म्हणत होते, दाबा, दाबा. आपलं सगळं त्याच खात्यात आहे. तर हे कागद-पेन घेऊन बसले."

आजोबांनी कागद काचेखालून सरकवला. संदेशातला शब्द अन् शब्द सुटा करून लिहिला होता, आणि प्रत्येकाखाली लाल टीप.

"हे बघा. 'प्रिय.' तुमच्या बँकेनं मला छत्तीस वर्षांत कधी प्रिय म्हटलेलं नाही. म्हणजे हा शब्द भरतीचा. 'ग्राहक.' माझं नाव नाही. ज्याच्या खात्यात माझे पैसे आहेत त्याला माझं नाव ठाऊक नाही? 'अद्यावत.' हे अशुद्ध. अद्ययावत पाहिजे. खरं सांगतो, या अशुद्धावरून माझी जवळजवळ खात्री पटली होती की हा संदेश तुमच्या बँकेचाच आहे."

मी आमच्या भिंतीवरच्या सूचनेकडे पाहिले नाही.

"आता 'आज रात्री' आणि 'त्वरित'. इथे मी अडलो. खातं बंद होणार माझं; मग घाई त्यांना का? दोन बाजूंचा ताळा बसेना. तुम्ही म्हणता ना, क्लूमधल्या एका शब्दाचा जरी हिशेब लागला नाही तरी उत्तर चुकलं. 'बँक' हे उत्तर घातलं तर पाच शब्द शिल्लक राहतात. मग दुसरं उत्तर घालून पाहिलं. सगळे शब्द बसले." त्यांनी कागद उलटा केला. मागे चौकोनी अक्षरांत दोन घरे आखली होती. एकात 'चो', दुसऱ्यात 'र'.

मागे रांग झाली होती. अशा वेळी रांगेतून जे आवाज येतात ते त्या दिवशी आले नाहीत. एक गृहस्थ पुढे येऊन म्हणाले, "आजोबा, माझ्याही फोनवर एक आलाय, जरा बघता का?" त्यांच्या मागची मुलगी तिच्या आईला फोन लावत होती. आजोबा बाकावर बसले. लाल पेन काढले. पुढचा अर्धा तास आमच्या शाखेत दोन काउंटर चालू होते, आणि त्यांतला एकच बँकेचा होता. एक मात्र त्यांनी प्रत्येकाला स्वच्छ सांगितले: कोडे रचणारा फसवतो, पण उत्तराची सगळी अक्षरे तुमच्या हातात देऊन, यांनी हातात काहीच दिलेले नाही, फक्त मागितले आहे.

जाताना आजींनी ठेवीच्या नूतनीकरणाचा अर्ज दिला आणि आजोबांनी पैसे काढायच्या कोऱ्या स्लिपवर त्या महिन्याचा क्लू लिहून दिला, तीन तारखेची वाट न पाहता. 'ठेवीवर बँक देते तो बहाणा.' दोन अक्षरे.

तो कागद नेमका मॅनेजरसाहेबांच्या हाती पडला. "ही तक्रार आहे का?" त्यांनी विचारले. "तक्रार असेल तर रजिस्टरला नोंद करा."

"साहेब, व्याज," मी म्हटले. "ठेवीवर बँक देते ते व्याज. आणि संस्कृतात व्याज म्हणजे बहाणा, ढोंग. दोन्ही बाजू बरोबर आहेत."

साहेब विचारात पडले. ते रिकव्हरीतून आलेले आहेत. "म्हणजे निर्व्याज प्रेम म्हणतात ते—"

"ढोंग नसलेलं, साहेब. बिनव्याजी नव्हे."

"असं होय," साहेब म्हणाले, आणि केबिनमध्ये जाता जाता दारात थांबून त्यांनी पुन्हा एकदा स्लिप वाचली. आजोबा तोवर काउंटरवर परत आले होते. ठेवीची पावती छापून आली होती, तीत दर मागच्या वेळेपेक्षा थोडा कमी होता. त्यांनी पावती डोळ्यांजवळ धरून अक्षर अक्षर वाचली, दरापाशी क्षणभर थांबले, काही बोलले नाहीत. मग ती काचेखालून माझ्याकडे परत सरकवली. संगणकाने छापलेल्या 'नूतनीकरण'मधला नू ऱ्हस्व होता. तेवढ्याखाली लाल रेघ होती.